खड्याची बाजू

प्रिय वहिनी,

तुझी सॅक काल कुरिअरने पोचली. सोबत दादाची चिठ्ठी: हिला आता डोंगर बंद, तेव्हा सॅक उसव आणि पट्टे-बकलं दुकानात वापरून टाक. सकाळपासून ती माझ्या मशीनवर पडून आहे. दोनदा कात्री उचलली, दोनदा ठेवून चहा केला. तुझं प्लास्टर निघालं म्हणे. दादा स्वयंपाक करतो हे खरं का? असेल तर पायापेक्षा पोटाला जप.

तो दिवस मी रोज आठवते आणि रोज तो वेगळाच आठवतो. खिंडीखाली तंबू गुंडाळता गुंडाळता तू सांगितलंस, की दादाची बदली झालीय, तुम्ही दोघं जाणार, दुकान आता मी एकटीने बघायचं. नऊ वर्षं आपण समोरासमोर बसून लोकांच्या फाटक्या बॅगा शिवल्या, आणि हे तू तंबूच्या खुंट्या पुसता पुसता सांगितलंस! मी बरं म्हटलं आणि तरातरा पुढे निघाले. राग आला होता, की रडू, की नुसतीच भीती वाटली होती, अजून सांगता येत नाही.

पुढे असेल तिने फाट्यावर तीन दगड रचायचे आणि वळायचं त्या बाजूला एक खडा ठेवायचा, हा आपला नियम. हिमनदीच्या तोंडाशी फाटा आला. उजवी वाट निवाऱ्याकडे जात होती, डावी घळीत. तू दिसतेस का बघत मी आल्या वाटेकडे तोंड करून दगड रचले आणि खडा माझ्या उजव्या हाताला ठेवला. म्हणजे तुझ्या डाव्या. शंभरेक पावलांवर वळून पाहिलं. बाजू चुकलीय असं वाटलं. मग वाटलं, छे, आपण उलटं बघतोय म्हणून तसं दिसतंय. डोकं खरंच चालेना, की मला चालवायचंच नव्हतं? परत जायला पाच मिनिटं लागली असती. मी गेले नाही, आणि मग धुकं उतरलं. दुसऱ्या दुपारी मेंढपाळांनी तुला घळीतून पाठीवर आणलं, तेव्हा तू हसत म्हणालीस की वेंधळेपणाने तूच खडा चुकीचा वाचलास. मी मान डोलावली.

तेव्हापासून घरभर तू वेंधळी आणि मी शहाणी. तेही चाललं असतं, पण तू ते खरं मानून डोंगर सोडलास, म्हणून लिहितेय. तू खडा बरोबर वाचलास, वहिनी. ठेवला चुकीचा, तो मी. मुद्दाम का, हे विचारू नकोस. नाही असं छातीठोक सांगता आलं असतं तर दोन महिने गप्प बसले नसते. सॅक उसवत नाही. तुटलेला पट्टा दुहेरी टाक्याने शिवून परत पाठवतेय, पत्र वरच्या कप्प्यात आहे. पुन्हा निघशील तेव्हा मला बोलावलं नाहीस, तर मी समजेन. बोलावलंस, तर पुढे तू चाल.

तुझीच,
नणंदबाई