देऊळघाटचा हातमाग

तीर्थस्वरूप सोजराजाऊबाईंना बुलडाण्याहून धाकट्या जावेचा, म्हणजे प्रतिमाचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींनी खोकल्याचं औषध संपवलं, की बाटली नुसतीच खिडकीत ठेवली आहे? वांग्यांना भाव बरा असावा. मी मजेत आहे. (हे वाक्य पत्रात लिहावंच लागतं.) फोनच केला असता, पण भाऊजी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर बसतात, आणि पुढचा मजकूर साऱ्या देऊळघाटनं ऐकण्यासारखा नाही. म्हणून हे पत्र भाजीच्या गाडीसोबत धाडते.

तर झालं असं. मी रिटायर झाल्यापासून घरात माझ्याखेरीज आवाज करणारा फक्त कुकर. सोहम बंगळुरूहून रविवारी आईला फोन करतो, पण मी "आणि काय?" म्हणेपर्यंत त्याची मीटिंग लागते (रविवारीसुद्धा). परवा मी सिलिंडरवाल्याला चहा घेऊन जा म्हणाले, तर तो बिचारा घाबरून पळाला. शेवटी इथल्या हातमाग साडी मंडळात नाव घातलं. शनिवारी दुपारी हिमानीताईंच्या हॉलमध्ये बायका जमतात, प्रत्येकीनं अंगावरची साडी कुणी विणली ते सांगायचं, मग फोटो. यंत्रमागाची साडी म्हणजे तिथे विटाळच. मी पहिल्या दिवशी ऑफिसनं निरोपाला दिलेली चकचकीत साडी नेसून गेले. हिमानीताईंनी भेंडी मोडून पाहावी तसा माझा पदर उलटा करून पाहिला आणि रोजच्याला बरी आहे म्हणाल्या. मला दाराजवळची, चपलांशेजारची प्लास्टिकची खुर्ची मिळाली. फोटो काढायचं कामही नव्या बाईचंच असतं. त्यामुळे मंडळाच्या फोटोंत मी कुठेच नाही. एकीचंही डोकं मात्र मी कापलेलं नाही.

गेल्या शनिवारी मी तुम्ही दिलेली साडी नेसले. आठवते ना, हे गेले तेव्हा तेराव्याला आणलेली, जाड सुती, हिरव्या काठांची? सगळ्यांसमोर ती माझ्या मांडीवर ठेवून तुम्ही म्हणालात, "रंगीतच नेसजो वं. आमी आहोत ना पाह्याले." ती धुऊन धुऊन अशी विटली आहे, की पाहताच हिमानीताई उठून उभ्या राहिल्या. काठ चाचपून म्हणाल्या, ही तर जुनी वऱ्हाडी वीण, आता कुठे मिळत नाही. (आठवडी बाजारात, भांडीवाल्याशेजारी, ढीगभर मिळते.) मी खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं, की ही मला माझ्या जावेनं... तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "जावेनं विणली?"

जाऊबाई, दिवाणावर त्या माझ्यासाठी सरकल्या होत्या. मी म्हणाले, "हाव."

त्या "हाव"नं तर त्या आणखीच खूश झाल्या. चहा कपबशीत आला (तोवर कागदी कप होता), मला मधोमध बसवलं, फोटो दुसऱ्याच कुणी काढला. किती दिवसांनी कुणाचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, मला रडूच आलं. त्यांना वाटलं, विणकरांच्या हालांनी.

तुमची,
प्रतिमा

ता.क. येत्या रविवारी त्या सगळ्या गाडी करून तुमचा हातमाग पाहायला येणार आहेत. भाऊजी बाजा विणतात ना, त्यातली एखादी अर्धवट बाज भिंतीला उभी करून ठेवता येईल का? तुम्ही समोर नुसतं बसा. बोलू मात्र नका.

आणखी एक ता.क. वरचं राहू द्या. फोटो आत्ताच ग्रुपवर आला. खाली प्रत्येकीचं नाव आहे, आणि माझ्या जागी "देऊळघाटची साडी" लिहिलं आहे. मीच आता त्यांना फोन करून सांगते, की साडी बाजारातली आहे. मग गाडी काही येणार नाही, आणि माझे शनिवारही पुन्हा मोकळे. तरी रविवारी मी येतेच. चार दिवस राहीन म्हणते. घरी वाट पाहणारं कोणी नाही, तेव्हा तुम्ही आठ दिवस ठेवून घेतलंत तरी माझी हरकत नाही.