आधी सांगून मारायचं

प्रिय गौरव,

फोन केला असता, पण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकतो, असंच आपलं चालत आलं आहे. मोबाईलवर लिहिलं असतं तर तू ते तसंच वकीलसाहेबांना फॉरवर्ड केलं असतंस. म्हणून कागद घेतला. कुरिअरने पाठवतोय, उद्या मानेसरला तुझ्या हातात पडेल. अक्षर वाकडं आलंय, कारण कराटेच्या क्लासमध्ये मनगटावर एक फटका बसला. मारणाऱ्याचे पुढचे दोन दात अजून यायचे आहेत, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करू?

आधी तुझ्या कामाचं. तू नंबर लावलेल्या कानाच्या दवाखान्यात मी जाऊन आलो. गुरुवारी कोर्टात क्षिप्रा तुझ्याकडे राहणार की तिच्या आईकडे, याची तारीख आहे, रेवतीच्या बाजूने मला साक्षीला बोलावलंय, आणि मी उभं राहून 'वय झालं साहेब, ऐकू कमी येतं' एवढंच म्हणावं, जोडीला दवाखान्याचा कागद असावा, असं तू आणि वकीलसाहेबांनी मिळून ठरवलंत. मी नाही म्हणालो नाही. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. शिवांगी नावाची हसरी मुलगी होती तिथे. मी ठरवूनच गेलो होतो, दाबायचं नाही. तुझ्यासाठी, बरं का. पहिली शिट्टी आली आणि अंगठा दाबून मोकळा झाला. बटण डाव्या हातात घेतलं, तर तोही तसलाच निघाला. शेवटी शेवटी तर शिट्टी कसली, दूर कुणी सुस्कारा टाकावा एवढंच यायचं, तेही सुटलं नाही. बाहेर आल्यावर पोरगी म्हणते, अंकल, आपके कान तो मुझसे अच्छे हैं, फिर आए क्यों थे? मी म्हटलं, बेटे ने भेजा. ती म्हणाली, अच्छा, फिक्र करता है. मी म्हटलं, बिल्कुल.

या कानांवर तर आपलं घर उभं राहिलं, गौरव. विट्याहून मामाबरोबर करोल बागेत आलो तेव्हा मला धड हिंदी येत नव्हती. गलाईच्या दुकानात भट्टीपाशी बसायचो, जुनं सोनं-चांदी वितळवायचं, शुद्ध करायचं. मामाने एकच विद्या दिली. चांदीचं नाणं दगडावर टाकायचं आणि डोळे मिटायचे. चोख असेल तर खणखणीत वाजतं आणि वाजत राहतं, भेसळ असेल तर बद्द. पुढे स्वतःचं दुकान झालं तरी मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी पाहिलं नाही, त्याचा आवाज ऐकला. तुझी आई अजून म्हणते, तुमच्यासमोर मनात बोलायचीसुद्धा चोरी.

आणि म्हातारपणी हे कराटे. तू हसला होतास, अण्णा, सोसायटीत तोंड दाखवायला जागा ठेवा म्हणून. मी काय हौसेने गेलो होतो? क्षिप्रा एकटी जिना चढायला तयार नव्हती, म्हणून मी बाकावर बसायचो. मुरलीधर सर म्हणाले, बैठे-बैठे क्या करोगे दादाजी, लाइन में आ जाओ. झालं. पांढरा ड्रेस, पांढरा पट्टा. क्षिप्राचा पिवळा, म्हणजे ती मला सीनियर. क्लास सुरू होताना मी नातीला वाकून नमस्कार करतो आणि तीही खुशाल घेते. माझी मूठ उघडून अंगठा बाहेर काढते, म्हणते, आजोबा, असा आत ठेवलात तर तुमचाच मोडेल, यार. आजोबांना यार. मला ते फार आवडतं.

तिथली एक रीत तुला ठाऊक नसेल. तू कधी वर आलाच नाहीस. जोडीजोडीने समोरासमोर उभं करतात. एकाने मारायचं, दुसऱ्याने अडवायचं. पण मारणाऱ्याने एक पाय मागे घ्यायचा आणि कुठे मारणार ते मोठ्याने सांगायचं. जोदान म्हटलं की तोंडावर. मग समोरचा तयार होतो, हात कपाळावर आडवा घेतो, आणि मगच मारायचं. न सांगता मारलं की सर क्लास थांबवतात. सगळ्या दिल्लीत ही एवढीच जागा मी पाहिली, जिथे मारणारा आधी सांगतो.

आता ते सांगतो, जे तुला नकोय. त्या शनिवारी क्लासला निघायचं म्हणून मी पट्टा बांधत होतो, क्षिप्रा तयार होऊन माझ्या मागे उभी होती. स्वयंपाकघरातून आवाज आला. मी आत आलो तर रेवती नळाकडे तोंड करून उभी, आणि तू म्हणालास, काही नाही अण्णा, भांडं पडलं. गौरव, माझा जन्म धातूत गेला. भांडं पडलं की वाजत राहतं, फरशीवर गिरक्या घेतं, मग निवतं. तो आवाज वाजलाच नाही. आला आणि तिथेच संपला. फरशीवर भांडंही नव्हतं. मागे वळलो तर क्षिप्राने हात कपाळावर आडवा घेतला होता, सरांनी शिकवला अगदी तसा. तिला कुणीच मारत नव्हतं.  तिचं बोट धरलं आणि क्लासला घेऊन गेलो.

तिथे जोड्या लागल्या आणि तिने सरांना विचारलं, सर, और जो बिना बोले मारे? पोरं हसली. एकजण ओरडला, वो तो चीटिंग है! सर हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि क्लास थांबवला.  

आता त्या मायलेकी मुनिरक्याला एका खोलीत राहतात. शनिवारी रेवती मेट्रोने तिला घेऊन येते, जिन्याखाली उभी राहते, मला म्हणते, अण्णा, पाणी प्यायला लावा तिला. अजून अण्णाच म्हणते. त्या तासाभरासाठी मी आठवडा काढतो. तू मानेसरला राहायला गेलास, तरी घरी तुझी आई तुझ्या आवडीची वांगी करते आणि ताटात वाढून बघत बसते. काल म्हणाली, पोर आपलंच आहे हो, एवढं सांभाळून घ्या. मी विचारलं, सुमित्रा, कुठलं पोर? ती उठून आत गेली. मग नळ बराच वेळ चालू राहिला, पण नळाच्या आवाजाखालचंही मला ऐकू येतं, त्याला मी काय करू? खरं बोललो तर मुलगा जातो, नाही बोललो तर नात. भावबंदांत नाव जायचं ते तर दोन्हीकडून जातं. आयुष्यभर सौदे केले, पण असा सौदा पाहिला नाही, ज्यात मला एकही शब्द घासाघीस करता येत नाही. तू लहान असताना भट्टीजवळ आलास की मी तुला ढकलून मागे करायचो. आता तू एवढा मोठा झालास, की ढकलायला हात पोचत नाही.

म्हणून हे पत्र. गुरुवारी मला विचारतील, ऐकू येतं का. मी हो म्हणणार आहे. मग विचारतील, त्या दिवशी काय ऐकलं, आणि मी जे ऐकलं तेच सांगेन, भांड्याचं नाव घेणार नाही. हे तुला तिथे उभं असताना अचानक कळू नये. तुझ्याकडे अजून वेळ आहे. माझ्या आधी तू स्वतः उठलास आणि 'मी मारलं' एवढं म्हणालास, तर म्हाताऱ्याला तोंड उघडावं लागणार नाही. तसं झालं तर त्या दिवशी मी तुला वाकून नमस्कार करेन, क्षिप्राला करतो तसा. नाही झालं, तर माझा एक पाय मागे गेलेला आहे, बाळा, आणि मी मोठ्याने सांगतोय. जोदान. हात वर घे.

मारतानाही तुझाच,
अण्णा