चौरस मीटरमागे आठ

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची मुंबईत! अकोल्याहून निघताना आईने दिलेली ज्वारीच्या पिठाची पिशवी वाटेत फुटली आणि माझी नवी काळी बॅग पांढरी झाली, तरी मूड झकास आहे. दादा आणि प्रेमावहिनी मुलुंडला राहतात. एक खोली आणि किचन, आणि आता त्यात मी. वहिनी चेंबूरची, पक्की मुंबईकर. कपाटातला एक कप्पा तिने माझ्यासाठी रिकामा करून ठेवला होता. पसारा केलास तर पिठासकट परत पाठवीन, असंही लगेच बजावलं.

उद्यापासून नोकरी. मुलुंड ते दिंडोशी अशी नवी मेट्रो होते आहे, निम्मी जमिनीखालून. तिचं नियोजन करणाऱ्या कंपनीचं ऑफिस घाटकोपरला आहे. एका गाडीत माणसं किती मावतील, गाडी किती वेगाने जाईल आणि तासाला किती जणांना पोचवेल, हे काढायचं माझं काम. आईला फोनवर सगळं समजावलं. ती म्हणाली, म्हणजे कंडक्टरच ना गं.

भीमराजदादा याच मेट्रोवर गाडीच्या दारांचा तंत्रज्ञ आहे. जाहिरात त्यानेच पाठवली होती. एकाच गाडीवर बहीण आणि भाऊ! रोजनिशी मोबाइलवरच लिहीन म्हणते, कप्प्यात वहीला जागा नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

साहेब आवडले. जयवंत सर मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, आता घर बोरिवलीला. शिपायापासून सगळ्यांना अरे-तुरे करतात आणि स्वतःच्या डब्यातले मासे सगळ्यांना वाटतात.

आज त्यांनी मला गर्दी शिकवली. डब्यात उभ्याने किती माणसं जातील याचा हिशेब चौरस मीटरवर असतो. शेजारच्या चैतन्यने फरशीवर चिकटपट्टीने एक चौरस आखला आणि आम्ही सहा जण त्यात उभे राहिलो. नीलमचं कोपर माझ्या बरगडीत आणि माझा पाय चैतन्यच्या बुटावर. सर म्हणाले, हे सहा. आता आठांची कल्पना करा. कल्पना करायला जागाच नव्हती. खूप हसलो.

इथे सगळे 'धर' म्हणतात. सहा माणसं धर, थांबा तीस सेकंदांचा धर. शाळेच्या गणितातही आपण धरायचोच, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

डोकं फिरलंय.

आज कळलं की फलाट तीनच डब्यांचे बांधले आहेत. काँक्रीट ओतून झालंय, आता ते लांब होणार नाहीत. येणारी माणसं मात्र सहा डब्यांची. बरं, वेगाचंही वचन देऊन झालंय, मुलुंडच्या नाक्यावर भलंमोठं होर्डिंग लागलंय. गाडीचा वेग पळताना कमी होत नाही, तो थांब्यावर जातो. दार उघडं राहिलं की वेग गेला.

तेव्हा सरांचा तोडगा. चौरस मीटरला आठ धर आणि थांबा वीस सेकंदांचा धर.

मी म्हटलं, सर, एवढ्या गर्दीतून मधली माणसं वीस सेकंदांत उतरणारच नाहीत. ते म्हणाले, मग पुढच्या स्टेशनला उतरतील. तिथे तर आणखी चढतील, मी म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. आणि शेवटच्या स्टेशनला? सर हसले. तू पण ना यार किरण, ती कागदावरची माणसं आहेत, त्यांची घरी कोण वाट बघतंय? जी उतरणार नाहीत त्यांना त्याच गाडीत धर आणि विषय संपव.

माझी आई एसटीतून उतरते तेव्हा आधी पिशवी उतरते, मग काठी, मग ती. वीस सेकंदांत तिची पिशवी उतरेल. हे मला ओरडून सांगायचं होतं. सांगितलं नाही. नवी आहे ना मी. दात-ओठ खात आठ टाकले आणि घरी येऊन वहिनीची दोन भांडी आपटली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

चाचणी सुरू झाली आहे. रिकाम्या गाडीत माणसांच्या वजनाएवढ्या वाळूच्या गोण्या ठेवतात आणि ती पळवून बघतात. गाडी आपलं वजन स्वतःच मोजते आणि चालकाच्या पडद्यावर दाखवते.

दादा सांगत होता, गोण्या सहाच्या हिशेबाने भरल्या आहेत, पण गाडी वजन आठाचं दाखवते. गेल्या बुधवारपासून. गोण्या पुन्हा मोजल्या, यंत्र बदललं, फरक नाही. बुधवारच का, ते मी विचारलं नाही. मंगळवारी मी काय केलं होतं ते मला माहीत आहे.

आणि दारं. मध्ये काही अडलं की मेट्रोचं दार आपोआप परत उघडतं. या गाडीचं दार दर स्टेशनला दोनदा-तीनदा उघडतं. मध्ये काहीच नसतं. डब्यात ओल्या कपड्यांचा आणि डोक्याच्या तेलाचा वास येतो. भर दुपारी एसी चालू असताना काचा आतून धुरकटतात.

वहिनी म्हणाली, जाऊ नकोस रे, सांग आजारी आहे. दादा म्हणाला, दारं माझी आहेत, मी नाही जाणार तर कोण जाणार?

गुरुवार, २० नोव्हेंबर

दुपारच्या फेरीला दादाबरोबर गेले.

मुलुंडला डबा रिकामा होता, नुसत्या गोण्या. दार बंद झालं आणि मला हात वर करता येईना. डावीकडे खांदा, उजवीकडे खांदा, पाठीला कोणाची तरी बॅग. मानेवर श्वास. समोर बघितलं तर स्वच्छ, मोकळा, नवा कोरा डबा. दादा माझ्याकडे बघत होता. त्याचेही हात अंगाला चिकटलेले.

पुढच्या स्टेशनला दार उघडलं तसा चहूकडून दाराकडे एक रेटा आला. बझर वाजला, दार मिटलं. मग डबाभर एक आवाज झाला. आपण वैतागून जीभ टाळूला लावून 'च्' करतो ना, तसा. शेकडो जणांचा.

ती कागदावरची माणसं चिडली आहेत. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त हे कळलं. पडद्यावर दर स्टेशनला वजन वाढतं, कारण चढतात सगळे आणि उतरत कोणीच नाही. आम्ही त्यांना धरलं. धर, धर, धर! सोड असं कोणी म्हणालंच नाही. त्यांना उतरायला वेळच दिलेला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही चिडले असते.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सरांवर ओरडले. अख्ख्या ऑफिससमोर. म्हटलं, सहावर आणा, थांबा वाढवा, निदान शेवटच्या स्टेशनला दारं उघडी ठेवा. ते म्हणाले, उद्घाटनाची तारीख ठरली आहे, आता वेग कमी केला तर सगळ्यांची वाट लागेल. झेपत नसेल तर अकोला आहेच. चैतन्य स्क्रीनमध्ये तोंड घालून बसला. त्या दिवशी माझ्या बरगडीत कोपर घालून हसणारी नीलम पाणी प्यायला उठून गेली.

मी माझ्या हाताने आठाचे सहा केले. दादाला फोन करून विचारलं. वजन तेवढंच. आकडा खोडल्याने ती सुटत नाहीत. त्यांना उतरावंच लागेल.

दादा म्हणाला, दार उघडं धरायची किल्ली माझ्याकडे आहे. दिंडोशीला सगळे उतरेपर्यंत धरतो, बघू कोण काय करतं ते. दादा कधी असं बोलत नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

नीट लिहिते.

दिंडोशीला मी फलाटावर उभी होते. दादाने आतून किल्ली लावली, दार उघडं राहिलं. ती उतरायला लागली. माझ्या दोन्ही बाजूंनी वारा गेला, ओढणी जिन्याकडे ओढली गेली. चालक ओरडला, वजन उतरतंय! दादा दारात उभा राहून हसत होता. चला, चला, सावकाश, असं म्हणत होता.

मग कंट्रोल रूममधून किल्ली डावलून दार बंद केलं. सर तिथेच बसले होते, हुकूम त्यांचा. वीस सेकंद म्हणजे वीस सेकंद. दादा आत. गाडी गेली.

डेपोत डबे उघडले. गोण्या होत्या. दादा नव्हता.

सर म्हणतात, मध्येच उतरून पळाला असेल, किल्लीचं प्रकरण अंगाशी येईल म्हणून. पळाला! माझा दादा! मी त्यांच्या टेबलावरची बाटली भिंतीवर फेकली.

वहिनीने फोन लावला. उचलला. आत गर्दीचा आवाज. मध्ये दादा, हळू आवाजात — भाऊ, उतरायचंय, जरा बाजू द्या. ताई, उतरायचंय. मग कट.

वहिनी रडली नाही. म्हणाली, इतकी वर्षं झाली मुंबईत, मेल्याला अजून धक्का मारता येत नाही. बाजू मागत बसलाय.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

दुपार. दिंडोशीच्या फलाटावर वहिनी आहे. सिक्युरिटीवाल्याशी अशी भांडली की त्याने वाट दिली. मी मुलुंडला चढले. त्याला शोधून, पुढे घालून, ढकलत दारापर्यंत आणायचं. एवढंच. मला येतो धक्का मारता.

—

डबा भरलाय. अंगठा तेवढा हलतो. विचारत पुढे जातेय, उतरणार का, उतरणार का. सगळे हो म्हणतात. सगळे.

—

दादाचा आवाज. मधल्या दाराजवळ. त्याला हाक — श्वास पुरत नाही —

—

हात सापडला. दिसत नाही, पण त्याचाच. गार. म्हणतोय, किरण, तू कशाला आलीस. म्हटलं, गप. चल पुढे.

—

पाठीला खांदा लावून रेटतेय. लोक शिव्या देतायत. द्या. त्या जयवंतला द्या. आम्हाला कशाला —

—

दिंडोशी. दार उघ—

ढकललं. सगळा जोर लावून. वहिनीने शर्टाला धरून ओढला. दिसला! फलाटावर पडलाय, खोकतोय. दादा बाहेर आहे. दादा बाहेर

वहिनी ओरडतेय, ये गं, ये, उडी मार —

माझ्यापुढे एकच बाई. कडेवर पोर आहे. दिसत नाही पण त्याचा पाय माझ्या पोटाला लागतोय. तिला कशी ढकलू

बझर

बाई, लवकर. लवकर उत