कोजागिरीसाठी जागा

अमरावती,
१५ सप्टेंबर २०२५, सोमवार

प्रिय शालू,

आम्ही सगळे ठीक. तू नुसती ठीक नाही, मजेत आहेस, हे तुझ्या स्टेटसवरून रोज कळतंच. परवा त्या समोरच्या नव्या दामिनीसोबत गच्चीवर तंबू उभारायचा सराव केलास म्हणे. फोटोत तुझ्या पायात बूट होते. चाळीस वर्षांच्या मैत्रीत मी तुझ्या पायात चपलेशिवाय काही पाहिलं नव्हतं. छान दिसतात. जरा मोठे वाटतात, एवढंच.

सध्या पितृपक्ष आहे, फुलांना उठाव नाही, म्हणून दुपारी लिहायला वेळ मिळतो. झेंडू भरात आहे, शेवंती अजून कळीवर. आमच्या यांची पाठ धरली आहे, तरी पहाटे बाजारात जाणं सोडत नाहीत. तुला फोनच करणार होते, पण तुझा फोन हल्ली स्पीकरवर असतो आणि मधूनच दामिनी ‘नमस्कार ताई’ म्हणते, मग मला काय बोलायचं तेच सुचत नाही. म्हणून आपलं जुनं पत्र बरं. अकोल्याला जाणाऱ्या फुलांच्या गाडीत टाकते, तुमच्या चौकातल्या हारवाल्या बेबीताई आणून देतील.

तर तुझं काम. तू म्हणाली होतीस, “रागी, तुही भाची रत्नागिरीले हाये ना, तिले विचारून समुद्रावर तंबूसाठी तूच जागा निवड. मले तुह्याच नजरेचा भरवसा हाये.” काल रविवार होता, बँकेला सुट्टी. प्रणाली बिचारी स्कूटीवर दिवसभर फिरली, तीन ठिकाणं पाहिली, फोटो पाठवले आणि तासभर बोलली.

पहिली जागा टेकडीवर आहे. खाली समुद्र, वर वारा आणि चढायला सव्वाशे पायऱ्या. तुझा गुडघा बघता ती मीच खोडली. दुसरी सुरूच्या झाडांत, गावातल्या एका नवराबायकोची. न्हाणीघर आहे, जेवण आहे, रात्री दिवा असतो. पण तिथून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. एवढ्या लांब जाऊन झाडंच बघायची तर आमच्या बांधावरची काय वाईट आहेत?

तिसरी मला आवडली. गावाच्या पुढे खाडी समुद्राला मिळते, तिथे रेतीचा लांब पट्टा आहे. मालक नाही, कुंपण नाही, आपला तंबू न्यायचा आणि ठोकायचा. फोटोत रेती कोरडी, स्वच्छ, लांबवर पसरलेली. बघताक्षणी मला कौंडण्यपूरची जत्रा आठवली. आपण दोघी नदीच्या रेतीत चादर टाकून झोपायचो आणि तुझी आई वर्धेतून चहाला पाणी आणायची. तशीच जागा, फक्त नदीच्या ऐवजी समुद्र. तुम्हाला तर कोजागिरीच करायची आहे, मग चंद्राला झाडांचा आडोसा कशाला हवा?

प्रणाली आणखीही बरंच बोलली, तिथली कोणी मच्छीवाली बाई काय म्हणाली वगैरे. सगळं लिहीत बसले तर पोथी होईल. माझं मत तिसऱ्या जागेला.

यंदा कोजागिरीला तू आमच्या शेतात नसशील. शेखरभाऊजी होते तेव्हा तुम्ही दोघं यायचा, ते गेल्यावर तू एकटी येत राहिलीस, एकही कोजागिरी चुकवली नाहीस. तू ‘तूही चल ना’ म्हणालीस, हे मला मान्य आहे. पण दसरा आणि दिवाळीच्या मध्ये फूलवाल्याच्या घरातली बाई गाव सोडू शकत नाही, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. येणार नाही अशा माणसाला बोलवायला काय जातं?

रागावले नाही. दामिनी चांगली बाई असणार, सहा महिन्यांत तिनं तुला सकाळी फिरायला लावलं, ड्रेस घालायला लावला, आता समुद्रावर नेते आहे. नव्याचे नऊ दिवस असं मी म्हणणार नाही. तिला माझा नमस्कार सांग.

दुधात जायफळ जास्त घालू नकोस, तुला चढतं.

तुझीच,
रागी

*

अमरावती,
३ ऑक्टोबर, बासी दसरा

शालू,

सोनं घे, सोन्यासारखी राहा. काल दसऱ्याला झेंडू चांगला गेला, पहाटे तीनपासून उभी होते, पाय अजून सुजलेले आहेत. यांची पाठ बरी आहे. शेवंती फुलायला लागली.

हे सगळं लिहून मी दोनदा उठले. एकदा चहा केला आणि एकदा उगीच गाईला चारा टाकून आले. आता लिहिते.

तिसऱ्या जागेवर जाऊ नका. कोजागिरीच्या दिवशी तर मुळीच नाही. पुनवेला आणि अमावास्येला तिथे समुद्र चढतो आणि तो रेतीचा पट्टा पाण्याखाली जातो. भरती-ओहोटी आपण शाळेत पाठ केली होती, दोघींनी पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. पण आपली नदी चंद्र बघून चढत नाही, त्यामुळे ते पेपरापुरतंच राहिलं. तुम्ही संध्याकाळी पोचाल तेव्हा ओहोटी असेल, लांबच लांब कोरडी रेती दिसेल, तुम्ही तंबू ठोकाल, दूध उकळाल. चंद्र डोक्यावर यायच्या वेळेला पाणी येईल.

आता तू म्हणशील, रागीला हे आत्ता कळलं. तसं म्हणू नकोस.

मला हे पहिलं पत्र लिहितानाच माहीत होतं. त्या मच्छीवाल्या बाईनं प्रणालीला हेच सांगितलं होतं, आणि प्रणालीनं मला सांगून वर बजावलं होतं, “आत्या, शालूमावशीले नक्की सांग बरं.” ते मी पोथी होईल म्हणून गाळलं. गाळलं कसलं, लपवलं. कौंडण्यपूरची आठवण मुद्दाम घातली, कारण ती वाचून तू नाही म्हणणार नाहीस हे मला माहीत होतं.

का, ते सांगते. माझ्या पोटात दुखत होतं. तुझे ते बूट पाहिले आणि मला दोन घास गेले नाहीत. शेखरभाऊजी गेले तेव्हा मी महिनाभर तुझ्या घरी राहिले, तुला वेणी घातली, तुझ्या तोंडात घास घातला, तू बोलत नव्हतीस तर तुझ्या वाटचं लोकांशी मी बोलले. चार वर्षं मी तुला म्हणत होते, घराबाहेर पड. एक कोजागिरी सोडली तर तू पडली नाहीस. आणि ती सहा महिन्यांपूर्वी समोरच्या घरात राहायला येते, एक दिवस दार वाजवते, आणि तू पडतेस. माझ्यासाठी नाही पडलीस. हे मला सहन झालं नाही, शालू. अजूनही होत नाही, खोटं कशाला सांगू.

मला वाटलं, भिजाल. अंथरूण ओलं होईल, दूध सांडेल, तंबू वाहून जाईल, दामिनीचं नाक कापलं जाईल. आणि तू परत येऊन म्हणशील, “रागी, तुह्या शेतातल्यावानी मजा कुठीच नाई व.” एवढंच मला हवं होतं. बुडण्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता, हे देवाशपथ खरं आहे. पण ते फक्त सर्वपित्री अमावास्येपर्यंत खरं आहे.

त्या दिवशी रविवार होता. प्रणाली तिकडं गेली होती, तिनं भर दुपारचा व्हिडिओ पाठवला. रेती दिसतच नव्हती. कोणीतरी जाळं वाळवायला बांबू रोवला होता, त्याचं टोक तेवढं पाण्यावर होतं. व्हिडिओत ती मच्छीवाली बाई हात करून दाखवत होती. समुद्र समोरून येतो असं आपल्याला वाटतं, पण तिथे पाणी आधी मागून, खाडीकडून भरतं. पुढची रेती कोरडी दिसत असते आणि मागची परतायची वाट कधीच बुडालेली असते. चांगली पोहणारी पोरंही तिथे अडकतात म्हणे. तुला तर पोहता येत नाही आणि गुडघ्यामुळे पळताही येत नाही.

हे माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, “हे कुठचं पानी व?”

मी म्हटलं, “कोकनातलं.”

“शालूबाई तिथंच चालल्या काय?”

“नाई. त्यांची जागा येगळी हाये.”

“मंग ठीक,” म्हणाले आणि पाठीला तेल लावून घ्यायला पालथे पडले. मी तेल चोळत बसले. प्रणालीनं विचारलं, शालूमावशीले सांगितलं ना, तर तिला लिहिलं, हो, कधीच.

त्यानंतर बारा दिवस गेले. बारा दिवस मला माहीत होतं की तुझा जीव जाऊ शकतो, आणि मी झेंडू तोडत होते. रोज म्हणायची, उद्या सांगते. मग तुझं स्टेटस यायचं, दामिनी आणि तू, दोघींच्या सारख्या टोप्या, आणि मी म्हणायची, सांगेल ती दामिनीच, तिला सगळं कळतं ना. हे मी लिहिते आहे कारण तुला माझ्याविषयी जे वाटेल ते पूर्ण ऐकून वाटावं.

काल तू फोन केलास. म्हणालीस, “रागी, दामिनी त्या सुरूतल्या जागेसाठी लय मांगं लागली होती. न्हाणी हाये, मानसं हायेत म्हने. म्या म्हटलं, नाई. रागीनं रेतीवरची निवडली ना, मंग आपुन तिथंच. मी तिच्या नजरेले चाळीस वर्षांपासून ओळखतो.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. फोन स्पीकरवर होता, मागून ती हसत म्हणाली, “तुमच्यापुढं माहं काई चालत नाई ताई.” आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. तू तिचं ऐकलं नाहीस, माझं ऐकलंस. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी जिंकले होते. मी म्हटलं, “बरं केलं व.” फोन ठेवला आणि मग मला कळलं. ज्या एका गोष्टीसाठी मी एवढी जळत होते, ती माझ्याकडेच होती, आणि तिच्याच जोरावर मी तुला पाण्यात पाठवत होते.

तुमची गाडी उद्या संध्याकाळची आहे. मी फोन करून नुसतं ‘जागा बदला’ म्हणू शकले असते. तू कारण विचारलं असतंस आणि मी थाप मारली असती, मला मी ओळखते. म्हणून आधी हे पत्र फुलांच्या गाडीत टाकते, बेबीताईंना सांगते की हातचं काम टाकून तुला आजच नेऊन द्यावं, आणि मग फोन करते. पत्र निघालेलं असलं की थाप मारता येणार नाही.

सुरूतल्या जागेवर तुमच्या दोघींचं नाव सांगून ठेवलं आहे. प्रणाली स्टेशनवर घ्यायला येईल. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही, आज सांगेन. यांनाही.

तू जा, शालू. माझ्यावर रागावून घरी बसू नकोस. समुद्र बघ.

आता पुढचं दामिनीसाठी आहे, तिला दे.

दामिनीताई, तुम्ही निवडलेली जागाच बरोबर होती. तुमच्याविषयी मी चांगलं बोललेले नाही, ते वर तुम्ही वाचालच. एक गोष्ट सांगते. पाण्याजवळ गेलात की शालू तुमच्याशी भांडण काढेल. चहा पांचट झाला, टॉवेल कुठं ठेवला, असल्या कशावरूनही. तेव्हा ती रागावलेली नसते, घाबरलेली असते. लहानपणी विहिरीवर घसरली होती तेव्हापासून तिला पाण्याचं भय आहे, आणि ते ती मरेपर्यंत कबूल करणार नाही. तिला समजवायला जाऊ नका, उलट बोलू नका. तिच्या शेजारी जरा खेटून बसा आणि गप्प राहा. पाच मिनिटांत ती आपणहून हसते. हे कळायला मला वीस वर्षं लागली. तुम्हाला आयतं देते आहे.

नुसती
रागिणी