पुढचा माणूस, मागचा माणूस

११ मार्च

आणि वर मलाच विचारतात, तोंड का फुगलंय! सगळ्यांसमोर! ताट माझ्याकडे सरकवून म्हणतात, "खाऊन घे भिंगरी, अन्नावर राग नको." अन्नावर कुठे आहे? तुमच्यावर आहे, दाजी! तोंडावर बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

दुसरा कोणी असता तर कॉलर धरली असती. पण ताईचा नवरा. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची कॉलर कशी धरणार?

झालं काय ते सरळ लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल. इथे टेकडीच्या पायथ्याशी पाहुण्यांना राहायची घरं आहेत, आम्ही सगळे तिथले कामगार. वसंतात टेकडीवर फुलोरा येतो, जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतो. त्यासाठीच लोक येतात. त्यांना वेळेत कळवावं लागतं, म्हणून मॅनेजरबाईंचा नियम आहे — वर्षातली पहिली निळी फुलं जो शोधून दाखवेल तो 'पुढचा'. पुढचा पाहुण्यांना घेऊन टेकडी चढतो. आणि फुलोरा संपला तरी वर्षभर कामावर राहतो. बाकीच्यांचा हिशोब, आणि नमस्कार.

फुलं मी शोधली. मी! सुट्टीच्या दिवशी सगळे लोळत पडले होते. मला बसवत नाही एका जागी, म्हणून तर सगळे भिंगरी म्हणतात. निघालो वर. मोठ्या दगडाच्या पलीकडे एक खोलगट जागा आहे, खालून दिसतच नाही. वारा लागत नाही, ओल धरून असते. बाकी सगळी टेकडी गेल्या वर्षीच्या वाळक्या गवताची, आणि तिथे निळं! कोणी धुतलेली चादर वाळत टाकून विसरून गेल्यासारखं. गुडघे टेकून बसलो आणि एकटाच हसत सुटलो.

बाई शहरात गेलेल्या, दोन दिवसांनी येणार. माझ्या पोटात राहीना. दाजींना सांगितलं, नेऊन जागाही दाखवली. म्हटलं, दाजी, आपलं काम झालं! त्यांनी मिठी मारली. खरंच मारली! आणि बाई आल्या त्या सकाळी मी पाण्याच्या टाक्या भरतोय, आणि हे बाईंना घेऊन वर निघालेले.

केसाने गळा कापला.

१२ मार्च

 दाजी आणि मी. एक खोली, दोन खाटा, मध्ये हातभर जागा. आज ती जागा ओलांडायला दिवस लागेल असं वाटलं.

१३ मार्च

पहिली फेरी. दाजी पुढचे. मी मागचा — बाईंनीच नेमलं, "तुम्ही दोघं घरचेच आहात, जमेल तुमचं." जमेल!

मागच्याचं काम म्हणजे शेपूट. दमून बसलेल्यांना उठवायचं, कोणी पायवाट सोडून गवतात शिरला की ओरडायचं, फुलांभोवतीच्या दोऱ्या सैल झाल्या की परत ताणायच्या, पाण्याच्या बाटल्या उचलायच्या. आणि पुढे काय बोलणं चाललंय ते वाऱ्यावर येईल तेवढं ऐकायचं.

आणि काय ऐकलं! मला फुलांची पुस्तकातली नावं कुठे येतात? मीच ठेवलेली नावं. निळं ते 'झोपाळू', कारण ढग आला की लगेच मिटतं. पिवळं बारकं ते 'बटण'. पांढरं, मधल्या दोन पाकळ्या नसल्यासारखं, ते 'आजीचं हसू'. गवतातून वर मान काढून बघणारं जांभळं ते 'चौकशी'. ही नावं मी खाटेवर पडून दाजींना सांगितली होती, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. आज तीच पाहुण्यांना सांगत होते! "हे बघा, याला आम्ही आजीचं हसू म्हणतो." आम्ही! एक बाई म्हणाली, "किती गोड! तुम्हीच ठेवलं का हो नाव?"

वारा फिरला. उत्तर ऐकू आलं नाही. बरंच झालं.

काम गेलं त्याचं एक दुःख. पण माझं आजीचं हसू पण यांनी न्यावं?

१५ मार्च

स्वयंपाकघरात भांडी पोचवायला गेलो. स्वयंपाकाच्या मावशींनी दार लोटून घेतलं.

"मला ठाऊक आहे रे, फुलं तू शोधलीस."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? त्या सुट्टीला तू गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून आलास. अंगणात चिखल कुठे होता? आणि तुझे दाजी तेव्हा माझ्या या ओट्याला टेकून चहा पीत होते. तिसरा कप! बाईंना एक शब्द टाकू का?"

एक शब्द. मावशी इथे सगळ्यांत जुन्या. बाई त्यांचं ऐकतात. खोटं बोलून पुढचा झालेल्याला बाई एक दिवस ठेवणार नाहीत. माझं काम मला मिळेल, वर्षभराचं! परत गाठोडं उचलून गावोगाव विचारत फिरायला नको — पोऱ्या पाहिजे का, हमाल पाहिजे का.

"बोल की," मावशी म्हणाल्या. "का दातखीळ बसली?"

म्हटलं, नको.

"का रे बाबा?"

ताईला आठवा चालू आहे. दाजींना हाकललं तर ती काय करेल? आई गेली तेव्हा मी एवढासा. ताईने मला कडेवर घेऊन लोकांची धुणी धुतलीत. स्वतःची शाळा सोडली. तिचं वाईट माझ्या तोंडून व्हायचं नाही. एवढंच आहे. दाजींची दया-बिया काही नाही.

मावशी म्हणाल्या, "वेडा आहेस." आणि गरम पोळी हातावर ठेवली. तिथेच उभ्याने खाल्ली.

१६ मार्च

ताईचा फोन. तिला म्हटलं दाजी पुढचे झाले. "हो, बोलले ते." एवढंच! मला वाटलं होतं आनंदाने किंचाळेल. मग जेवतोस ना, झोपतोस ना, पाय दुखतात का, स्वेटर घालतोस का. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी म्हटलं, मला दे ना पोटाजवळ फोन, भाच्याशी बोलतो. हसली. पोटाला फोन लावला. मी म्हटलं, "ए, बाहेर ये आणि पहिल्यांदा तुझ्या बापाला एक लाथ घाल."

तिने ऐकलं असेल तर ऐको.

१९ मार्च

आज मजा झाली. मजा म्हणावं का ते कळत नाही.

सकाळी ऊन, बारा-तेरा पाहुणे. अर्ध्यावर गेलो आणि ढग. दाजी त्यांना थेट खोलगटीकडे घेऊन गेले. सगळं मिटलेलं! नुसत्या हिरव्या काड्या, टोकाला निळी टिकली. एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत म्हणाले, "हे बघायला आणलंत? यापेक्षा माझ्या गॅलरीतली कुंडी बरी!" बाकीचे हसले. दाजींच्या कपाळावर घाम. त्यांनी एवढ्या माणसांच्या डोक्यांवरून मागे माझ्याकडे पाहिलं.

"भिंगरी... काय करायचं?"

म्हटलं, "मला काय विचारता? पुढचे तुम्ही."

सगळे माझ्याकडे वळले. दाजी मान खाली घालून उभे. मला वाटलं होतं, असं झालं की गार वाटेल. तसं काही वाटलं नाही. काठी टेकत आलेल्या एक म्हाताऱ्या बाई माझ्या शेजारीच होत्या. म्हणाल्या, "बाळा, मी परत काही एवढं चढणार नाही हो या जन्मी."

मग काय! म्हटलं, आजी, बसा. खाली, गवतावरच. वाळकं गवत हाताने बाजूला सारलं. खाली बटणं! ती ढगाला घाबरत नाहीत. नखाएवढी, पण सगळा उतार भरलेला. उभ्याने चाललं तर दिसायची नाहीत. एकेक करून सगळे बसले, मग पालथे झाले. जाडे गृहस्थ तर पोटावर पडून लहान मुलासारखे मोजत होते. आजींनी मुंग्यांची रांग बघितली, दवात भिजलेलं कोळ्याचं जाळं बघितलं. मग मी म्हटलं, आता त्या बाजूच्या उताराने उतरू, तिकडे चौकशी आलीय. आणि रांग उलटी फिरली! मी पुढे. दाजी मागे, बाटल्या गोळा करत.

उतरताना त्यांनी मला गाठलं.

"माझ्या तोंडावर थुंक. पण घरी काही बोलू नकोस. ताईला काही विचारू नकोस."

म्हटलं, बायकोला एवढे घाबरता तर असली कामं करता कशाला?

त्यांनी कधी नव्हे ते माझ्या पाठीवरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. मी हिसकावून परत घेतली.

२२ मार्च

सगळी टेकडी फुलली. आता शोधायचं काहीच राहिलं नाही, आंधळ्यालाही दिसेल. मला बघवत नाही.

२८ मार्च

झोपाळू गेलं. पाकळ्या झडून नुसती बोंडं. दोऱ्या सोडल्या, गुंडाळल्या. बी पडेपर्यंत गवत कापायचं नाही हे दाजींना तीनदा बजावलं. पुढच्या वर्षी फुलं यायला नकोत का? पुढच्या वर्षी मी कुठे असेन देव जाणे, पण फुलं तरी यावीत.

दुपारी बाईंनी हिशोब केला. "मागचा म्हणून चांगलं काम केलंस," म्हणाल्या. मावशी मागे उभ्या, माझ्याकडे डोळे वटारून. शेवटची संधी. मी मान हलवली. नको.

दाजी फाटकापर्यंत आले. हात पुढे केला. मी दोन्ही हातांत सामान धरलं होतं. एक खाली ठेवता आलं असतं.

३० मार्च

ताईला फोन केला. म्हटलं, माझं सुटलं, पण दाजी राहिलेत, तू काळजी करू नकोस.  ती म्हणाली, "त्यांच्यावर राग धरू नकोस रे. ते नाहीच म्हणत होते. दोन दिवस नाही म्हणत होते. फुलं तुम्हीच शोधली असं बाईंना सांगा म्हणून मीच पोटातल्या बाळाची शपथ घातली. तू एकटा आहेस, तुझं कुठेही भागेल असं वाटलं मला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रागावलास?"

"हो."

"रागाव. पण फोन ठेवू नकोस."

ठेवला नाही. 

बसभाडं वेगळं काढलं. बाकीचे पैसे तिच्या बाळंतपणाला पाठवतोय. सात हजार दोनशे.