राजगिऱ्याचे लाडू

कर्जत, ९ जानेवारी १९७३

गहिनीनाथा, तुझी आक्का लिहिती हाय.

तुझं कार्ड पोचलं. पुन्याच्या फोटोत माझी पित्ताची पिशवी दिसलीच न्हाई, म्हंजी ती तुंबली असं धरून सोमवारी पोट फाडायचं ठरलं म्हनं. तूच मला तिथं नेलंस, पन न वाचताच त्यांच्या कागदावर सही केलीस, तवापास्नं तुझ्यावर बी माझा भरवसा न्हाई.

फोटोसाठीचं औषध तिथल्या डॉक्टरांनी शिसं धातूच्या जाड डब्यातून काढलं, मला टोचलं आन लगेच लांब सरकले. त्यांना ज्याच्याजवळ उभं राहवंना, ते माझ्या अंगात कशाला?

त्यात उपाशीपोटी या म्हनले. मानूस अशक्त करून काय करत्यात कुनाला ठावं. म्हनून सकाळी मी दोन राजगिऱ्याचे लाडू खाल्ले, वर कपभर दूध प्याले. डॉक्टरनं विचारलं, "काही खाल्लं का?" मी म्हनले, "उपास हाय." उपासाला तेच खात्यात की.

काल इथला कंपाउंडर म्हनला, खाल्लं की पिशवी आकसती, मग फोटोत येत न्हाई. त्याचा तरी काय भरवसा?

हे पत्र मी टाकत न्हाई, टाकलं तर तू डॉक्टरांनाच दाखवशील. सोमवारी डॉक्टरनं परत विचारलं, तर लाडवाचं सांगीन. न्हाई विचारलं, तर समजीन, त्याला पोटच फाडायचं हुतं.

तुझी आक्का,
मनकर्णा