टाचणी पुढे निघून गेली

७ सप्टेंबर, रविवार
नाव नोंदवलं! पन्नास किलोमीटर, चार डोंगर, दहा तास. चौदा डिसेंबरला. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि तेही टाचणीसोबत. शाळेत ती काडीसारखी म्हणून टाचणी आणि मी गुबगुबीत म्हणून उशी. इतक्या वर्षांत ना ती फुगली, ना मी आटले. आठवीत क्रॉस-कंट्रीला मी चिखलात पडले, तेव्हा सगळ्यांच्या पुढे असलेली टाचणी मागे फिरली होती. हात धरून दोघी शेवटून पहिल्या आलो. कॉन्व्हेंटच्या सिस्टर शिट्टी वाजवायच्याच विसरल्या. आताही हात धरूनच रेषा ओलांडायची, असं फोनवर ठरलं. मी रडले.

ती दुसऱ्या गावी लोकांचे दात बघते. म्हणून दर रविवारी एकमेकींना आठवड्याचे किलोमीटर कळवायचे.

यांना सांगितलं. यांनी पेपर खाली घेऊन विचारलं, गुडघ्यांना कळवलंस का? नवऱ्याकडून साथीची अपेक्षा मी कधीच सोडली आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
योजना तीस. धावले चार. कारण बूट. दुकानदार म्हणाला होता, मॅडम, हे आपणहून पळतात. माझे नाही पळाले. शुद्ध फसवणूक. टाचणीला तीस कळवले. खोटं नव्हे, योजनेतलेच आहेत, पाय मागाहून भरून काढतील. तिचे अठरा. बिचारी. तिने लिहिलं, उशे, बाई आहेस की इंजिन? उद्यापासून मीही वाढवते.
शाळेपासून हिला सांगितलेलं सगळं खरंच वाटतं.

१२ ऑक्टोबर, रविवार
योजना पंचेचाळीस. आमच्या लायब्ररीत पुस्तकांची वार्षिक मोजणी. तळघरापासून संदर्भ विभागापर्यंत बासष्ट पायऱ्या, दिवसातून सहा वेळा. म्हणजे डोंगरच की! शिपाई म्हणाले, बाई, लिफ्ट दुरुस्त झालीय. मी म्हटलं, ठाऊक आहे. (त्यातल्या चार वेळा लिफ्टनेच गेले. ट्रॉली जड होती.) पायऱ्या, ट्रॉली आणि भाजी आणणं धरून एकूण अकरा. कळवले पंचेचाळीस. टाचणीचे एक्केचाळीस. एवढी घाई कशाला करते ही?

२ नोव्हेंबर, रविवार
पाय मुरगळला. घरातल्या चटईने दगा दिला. आठवडाभर सक्तीची विश्रांती. जाणकार म्हणतात, विश्रांती हाही सरावच. म्हणून विश्रांतीचे पन्नास कळवले.
टाचणीचेही पन्नास. पहाटे चारला उठते म्हणे. पायाची दोन नखं काळी पडलीत. लिहिते, तुझा आकडा आठवला की अंथरुणात पडून राहायची लाज वाटते गं.
मला जरा कसंतरीच झालं. भूक असावी.

२३ नोव्हेंबर, रविवार
लेक फोनवर म्हणाली, आई, मावशीला खरं काय ते सांगून टाक. मी म्हटलं, काय खरं? माझं मन रोज धावतं. शर्यतीच्या दिवशी अंगात बळ येतंच. ती हसली. शेवटी बापाचीच मुलगी.

१३ डिसेंबर, शनिवार
डोंगराखालचं वसतिगृह. लोखंडी खाटा, राखाडी पांघरुणं, फिनाइलचा वास. थेट शाळेचं बोर्डिंग! डोळे भरून आले. तेवढ्यात टाचणीच्या पोटऱ्या दिसल्या. दोरखंड नुसते! मला पत्ताही लागू दिला नाही. (आकडे कळवत होती. पण पोटऱ्यांबद्दल अवाक्षर नाही.) वर म्हणते, उशे, उद्या तूच मला ओढून ने हं.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी १०
पहिली चौकी, बारावा किलोमीटर. साडेआठला बंद होते. मी सव्वानऊला पोचले. छातीवरचा नंबर काढून घेतला. पण ते दुःख नाही. पहिल्याच चढावर मी टाचणीला म्हटलं होतं, तू हो पुढे, शेवटच्या चढावर गाठते तुला. माणूस म्हणतो असं. आणि ती गेली! खरोखर गेली. आठवीतली टाचणी अशी नव्हती.

दुपारी १
शेवटच्या स्पर्धकामागून हळूहळू चालणाऱ्या गाडीत बसले आहे. बिस्किटं बरी आहेत. ड्रायव्हर म्हणाला, मावशी, मैत्रिणीला फोन तरी करा. मी म्हटलं, सोडून ती गेली, तिनेच करावा. फोन हातातच आहे. रेंज पूर्ण आहे.

१५ डिसेंबर, सोमवार
काल रात्री लिहवलं नाही.
गाडी चार वाजून वीस मिनिटांनी पोचली. टाचणी रेषेच्या दहा पावलं अलीकडे उभी होती. सव्वातीनपासून. पंच सांगून थकले म्हणे, अहो बाई, दहा पावलं टाका ना! ही आपली एकच म्हणत होती, मैत्रीण येतेय माझी, तिचा सराव माझ्यापेक्षा जास्त आहे, येईलच. चारला शिट्टी झाली. यादीत तिच्या नावापुढे ‘अपूर्ण’.
मी उतरले. हातात बिस्किटांचा पुडा. तिने आधी माझे पाय पाहिले, कुठे लागलंय का म्हणून. मग पुडा पाहिला. मग विचारलं, आठवड्याला पन्नास ना गं? मी म्हटलं, योजनेतले.
परत जाताना ती वेगळ्या बसने गेली.
यांना सगळं सांगितलं. यांनी थट्टासुद्धा केली नाही. निदान तेवढी तरी करायला हवी होती.

२१ डिसेंबर, रविवार
टाचणीचा आकडा आला नाही. पहिल्यांदाच.

संध्याकाळी ६
माझा लिहिला. पाच. खोडला. दीड. तोही खोडला. एक पूर्णांक एक दशांश, असं लिहून पाठवून दिलं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत आणि परत. मोजून.

संध्याकाळी ७
तिने वाचलाय.

७.२०
उत्तर नाही.

७.२५
नाही. असं एका जागी थांबून वाट बघणं माझ्याच्याने होत नाही. ते काम टाचणीचं.